गच्चीगच्चीवर कडबा

आमच्या घरी म्हैस आहे हे मी कॉलेजात कुणाला सांगत नसे. विद्यानगरला तेव्हा कॉम्प्युटरचे क्लास नुकतेच निघाले होते. मी त्यातल्या एका क्लासला जायचे आणि घरातून निघण्याआधी हात पुन्हा पुन्हा हुंगून पाहायचे. हैदराबादेत, अंबरपेठेतल्या गल्लीबोळांत म्हैस असणं काही जगावेगळं नव्हतं, पण अशी घरं कमी होत चालली होती, आणि जे कमी होत चाललंय त्यात आपण असावं हे मला त्या वयात सोसत नसे. सगळं शहर कुठे ना कुठे निघाल्यासारखं वाटे. रस्त्यात फोनचे बूथ उभे राहत होते, खांबाखांबांवरून केबलच्या वायरी लोंबत होत्या, बाजारात रोज काही तरी नवीन येत होतं. माझा पाय घरात ठरत नव्हता. आणि आमच्या घरात रोज संध्याकाळी चर्चा व्हायची ती म्हशीचं आंबोण भिजवलं का याची.

आजोबा जुन्या हैदराबाद राज्याच्या मराठवाड्याकडच्या भागातून इथे आले. शेती भावकीत राहिली आणि आमच्या वाट्याला नोकरी आली. बाबा सरकारी कचेरीत कारकून होते. घरात मराठी, गल्लीत तेलुगू आणि बाजारात दखनी, अशी तीन तोंडं घेऊन आम्ही फिरायचो. म्हैस मात्र आईची. आई लग्न होऊन आली तेव्हा तिच्या भावाने सोबत एक वगार दिली होती, आणि आत्ता दावणीला होती ती त्या वगारीची लेक. आई बाबांशी जेवढं बोलली नसेल तेवढं तिच्याशी बोलली असेल. पहाटे धार काढताना आईचा आवाज वेगळाच लागायचा. तसा आमच्या कुणाशी बोलताना लागत नसे, आणि याचा मला राग यायचा.

बाबांना म्हैस नको होती. पिशवीतलं दूध दारात येतं, मग हा पसारा कशाला, असं ते म्हणत. पण कारकून माणूस. नुसतं नको म्हणून ते थांबले नाहीत, त्यांनी नियम केला. गावचा कडबा येतो तोवर म्हैस राहील. शहरात विकतचा चारा आणून म्हैस पोसायची नाही. ज्या दिवशी कडबा संपेल त्या दिवशी म्हैस विकायची. आईने नियम मान्य केला आणि कडबा कधी संपू दिला नाही. दिवाळीनंतर मामा लॉरीभर ज्वारीचा कडबा पाठवी. आई त्याची गंज रचून घेई आणि वर्षभर पेंढी पेंढी जपून काढी. आमच्या जेवणात तिने इतकी काटकसर कधी केली नाही.

त्या वर्षी गावाकडे पावसाने दगा दिला होता. मामाने स्वतःच्या बैलांच्या तोंडचा काढून कडबा पाठवला आणि लॉरीवाल्याजवळ निरोप दिला की एवढ्यावरच भागव, आता मागू नको. म्हैस गाभण होती, शिमग्याच्या सुमाराला विणार होती. म्हणजे सगळं त्या एका गंजीवर होतं. आई जाता येता गंजीवर हात फिरवायची.

गंज आणि पत्र्याचा गोठा आमच्या जागेत नव्हता. आमचं घर दोन खोल्यांचं, दार उघडलं की गल्ली. शेजारच्या तेलुगू घराला लागून त्यांचाच एक मोकळा प्लॉट होता, शहाबादी फरश्या उभ्या करून कुंपण घातलेला. तिथे कितीतरी वर्षं आमची म्हैस बांधलेली असे. भाडंबिडं काही नव्हतं. शेजारी आईला अक्का म्हणायचे, आई त्यांना अन्ना म्हणायची, आणि त्यांच्या बायकोला वदिना. मी त्यांना मामय्या आणि अत्तम्मा, म्हणजे मामा-मामी, म्हणत वाढले. भाऊबीजेला आई त्यांना ओवाळायची. पहिल्या वर्षी म्हणे त्यांना काही कळलंच नव्हतं, ताटात काय टाकायचं तेही माहीत नव्हतं. पुढे पुढे ते त्या दिवशी नवा शर्ट घालून स्वतःच येऊन पाटावर बसायचे.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, आपल्याकडे तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी असते. तेलुगू घरांत त्या दिवशी उजाडायच्या आत दारापुढे जाळ करतात. घरातलं जुनं, मोडकं लाकूडसामान त्यात टाकतात. जाळासाठी गोवऱ्या आमच्याकडून जात. गाईच्या असाव्यात अशी त्यांची रीत, पण गल्लीत गाय कुठली, म्हणून अत्तम्मा म्हशीच्या चालवून घ्यायची. बदल्यात आई आपला पाण्याचा हंडा त्यांच्या जाळाशी ठेवायची. भोगीच्या न्हाणाचं आमचं पाणी दर वर्षी त्यांच्या जाळावर तापायचं, आणि आई, अत्तम्मा, गल्लीतल्या आणखी बायका अंगाभोवती शाली घेऊन शेकत बसायच्या.

त्या वर्षी मामय्यांकडे मोठा रंगीत टीव्ही आला होता, आणि पाठोपाठ फ्रीज. त्यांची खोकी घरात अडगळ करून बसली होती. जुनं लाकूड तर फारसं उरलंच नव्हतं, मोडक्या खुर्च्या आधीच्या वर्षांत जळून गेल्या होत्या. म्हणून मामय्यांनी ती खोकीच फाडून जाळात टाकली. गोवऱ्या आणि लाकूड जळतं ते जागच्या जागी जळतं. पुठ्ठा तसा जळत नाही. त्याचे पापुद्रे सुटतात आणि पेटलेले वर जातात. मी दारात दात घासत उभी होते. मला ते छान वाटलं. लाल कडांचे काळे तुकडे अंधारात वर चढत होते, आणि थंडीचा वारा त्यांना फरशीच्या कुंपणापलीकडे नेत होता. आईची पाठ त्या बाजूला होती, ती हंड्यातल्या पाण्यात बोट घालून बघत होती.

अत्तम्माच आधी ओरडली. "अक्का, गड्डी!"

गड्डी म्हणजे गवत. आई वळली, आणि हंडा लवंडून तशीच पळाली. गंजीचा वरचा भाग पेटला होता. वाळलेला कडबा पेटताना जो आवाज होतो तो मला आजही नको वाटतो. आईने आधी गोठ्यात शिरून म्हैस सोडली, तिच्या पाठीवर थाप मारून तिला गल्लीत हाकललं, आणि मग गंजीच्या खालच्या बाजूने पेंढ्या ओढायला लागली. मी पाहत उभी होते.

"बघूलालीस काय? ओढ!" आई ओरडली.

मी ओढायला लागले. बाबा आले, मामय्या आले. मामय्या तर जळत्या बाजूलाच हात घालत होते. आणि मग सगळी गल्ली पाणी घेऊन आली. आमच्याकडे नळ दिवसाआड यायचा. लोकांनी ड्रम भरून ठेवलेले असत, एकेक तांब्या जपून वापरत असत. त्या सकाळी कुणी काही जपलं नाही. मागच्या मुसलमान घरातल्या खालाने पाहुण्यांसाठी म्हणून भरून ठेवलेलं पिण्याचं पाणीसुद्धा दिलं. बादल्यांमागून बादल्या गंजीवर रिकाम्या होत होत्या. आई सांगत होती, "इकडल्या बाजूला नका टाकू, हिकडं जळालं न्हाई, हे कोरडं राहू द्या." तिचं कुणी मनावर घेतलं नाही. आग दिसत असताना पाणी टाकू नका म्हणणाऱ्या बाईचं कोण ऐकणार? शेवटी बंब आला आणि उरलंसुरलं त्याने न्हाऊन काढलं.

उजाडलं तेव्हा गंजीची एक बाजू काळी राख होती आणि दुसरी बाजू शाबूत. बाबा घाम पुसत म्हणाले, "देवाची कृपा. निम्मा वाचला."

"वाचला कुठं?" आई म्हणाली. तिने एक पेंढी उचलून पिळली. धुणं पिळावं तसं पाणी गळलं. "ओला कडबा दोन दिवसांत तापतो. त्याला बुरशी धरते. बुरशीचा घातला तर गाभ पडंल तिचा."

मामय्या तिथेच उभे होते. शर्टाची एक बाही जळून गेली होती. "अक्का," ते म्हणाले. आईने त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "चल. वाळवायला जागा बघू."

जागा म्हणजे गच्च्या. प्लॉटवर चिखल झाला होता, गल्लीत ऊन येत नव्हतं. आणि गच्च्या त्या दिवसांत कुणाच्या मोकळ्या असतात? हैदराबादेत संक्रांत म्हणजे पतंग. भोगीपासूनच सगळी माणसं वर. बाप्ये, बायका, म्हातारेसुद्धा. रेडिओ वर, चहा वर, जेवणाची ताटं वर. अशा वेळी आम्ही मायलेकी डोक्यावर गळक्या पेंढ्या घेऊन दारोदार उभ्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. क्लासमधली एक मुलगी पलीकडच्याच गल्लीत राहायची, ती आपल्या गच्चीवरून हात हलवून विचारत होती काय झालं म्हणून. मी ऐकू न आल्यासारखं केलं.

पण लोकांनी गच्च्या दिल्या. कुरकुर करत दिल्या, पण दिल्या. आग सगळ्यांनी पाहिली होती. कुणी अर्धी गच्ची दिली, कुणी कठड्याकडेची पट्टी. खालाने सगळीच दिली आणि आपल्या जावयाला पतंग घेऊन पाण्याच्या टाकीवर चढवलं. आईने पेंढ्यांचे बांधलेले आळे सोडून कडब्याचं ताट न् ताट सुटं केलं आणि पातळ पसरलं. एका थरावर दुसरा येता कामा नये, नाही तर खालचं ओलंच राहतं. आणि दर थोड्या वेळाने उलटायचं. एक गच्ची उलटून होते तोवर पहिलीची वेळ व्हायची. मी दिवसभर जिने चढत होते आणि उतरत होते. मांजा पायात यायचा, हाताला कापायचा. लोक कडब्यावरून पळायचे, एकदा तर दोन चांगले मोठे गृहस्थ पेच लावण्याच्या नादात मी नुकत्याच पसरलेल्या कडब्यावर नाचत होते. मी त्यांना दखनीत असं काही बोलले की खालच्या मजल्यावर टाळ्या पडल्या. मला माझ्या रागाची मजाच वाटायला लागली होती. धड रडता येत नव्हतं, धड बसता येत नव्हतं, तेव्हा निदान भांडता तरी येत होतं.

मामय्या आमच्याबरोबर होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. गंजीपासून गच्च्यांपर्यंत जड ओल्या पेंढ्या वाहायचं काम त्यांनी न सांगता घेतलं. एरवी ते बाजारातून भाजीसुद्धा रिक्षाने आणणारे. आता डोक्यावर टॉवेलची चुंबळ आणि कानामागून पाणी गळतंय. अत्तम्माने जेवायला हाक मारली तर नको म्हणून मान हलवायचे. संध्याकाळी दव पडण्याआधी सगळा कडबा गोळा करून आडोशाला न्यायचा आणि सकाळी पुन्हा पसरायचा, यात संक्रांतीचा अख्खा दिवस गेला आणि दुसऱ्या दिवशीचा, करीचाही. आईने त्यांना मनाई केली नाही आणि त्यांच्याशी ती बोललीही नाही. एकाच जिन्यावर तो माणूस वर जाताना आणि ती खाली येताना भिंतीकडे सरकायची. आगीपेक्षा मला त्याची धास्ती वाटत होती. आईचं भांडण मी पाहिलं होतं, तिचं न बोलणं पाहिलं नव्हतं.

त्यात एक अडचण होती. संक्रांतीला तिळगूळ द्यायचा असतो, आणि तो दिला म्हणजे मागचं सगळं मिटलं. दर वर्षी पहिली वाटी शेजारी जायची. या वर्षी आईने लाडू केले, कडब्यातून उठून मध्येच केले, पण डबा फळीवर तसाच ठेवला. बाबा म्हणाले, "शेजारी देऊन येऊ का?" आई म्हणाली, "रथसप्तमीपर्यंत देता येतो." म्हणजे तिने स्वतःला मुदत घालून घेतली होती.

करीच्या दिवशी कडबा खडखडीत वाळला. आई गच्ची गच्ची फिरून मूठ मूठ हुंगत होती. जिथे आंबूस वास आला तो बाजूला काढला. बाकीचा हाताळताना पुन्हा पहिल्यासारखा आवाज करायला लागला. थोडा धुराचा वास राहिला होता. पहिली ताटं म्हशीपुढे टाकली तेव्हा आम्ही सगळे श्वास धरून उभे राहिलो, बाबासुद्धा. तिने हुंगलं, फुर्र केलं, तोंड फिरवलं, आणि मग जणू उपकार म्हणून एक ताट ओढलं. आई हसली. भोगीपासून पहिल्यांदा हसली. मलाही इतका आनंद झाला की मी त्या म्हशीच्या गळ्यात हात टाकला, जिचं नाव मी कॉलेजात काढत नव्हते.

आईने हिशेब मनात मांडला असावा. गंज निम्मी असली तरी वेत होईपर्यंत आणि त्यापुढे बरेच दिवस पुरेल, मग पावसाळा, मग हिरवं गवत. नियम मोडत नव्हता. ती घरात गेली, फळीवरचा डबा काढला आणि थेट मामय्यांपुढे गेली. ते आमच्याच पायरीवर बसले होते, पंजांना कुसळं लागून तळवे लाल झालेले.

"लेओ अन्ना," आई म्हणाली. "तिळगूळ लेओ."

त्यांनी हात पुढे केला नाही.

"नक्को अक्का. पहले मेरी बात सुन लेओ, फिर देना है तो देओ." ते उभे राहिले. "ये जगा मैं बेच दिया. बिल्डरकू. दसरे कू बयाना लिया. दिवाली के बाद बोलूंगा बोलके था, तो तुम्हारा कडबा आ गया. गंज देखा तो मेरा मुंह नै खुला. संक्रांत के बाद बोलूंगा, बोलके रुक गया."

म्हैस चघळत होती तेवढाच आवाज.

"कब खाली करना?" बाबांनी विचारलं.

"उगादी तक बोल्या उने."

म्हणजे आपला गुढीपाडवा. शिमग्यानंतर लगेच. मला सगळं एकदम दिसलं. टीव्ही कशातून आला, फ्रीज कशातून आला, आणि हा माणूस तीन दिवस उपाशी राहून कशाचा भार वाहत होता. मी ओरडले. काय ओरडले ते धड आठवत नाही, पण तीन दिवस नाटक केलंत, जागा विकायची होती तर जळू द्यायचं होतं सगळं, असंच काहीसं. मला मनापासून वाटत होतं की त्यांना आत्ता इथे फार फार लागावं.

"गप," आई म्हणाली. "मोठ्यांशी बोलायची ही रीत न्हाई." मग तिने डब्यातून एक लाडू काढला आणि त्यांचा हात धरून, स्वतःच उघडून, तळव्यावर ठेवला. "सण का है अन्ना. ना नै बोलना." तिचा आवाज कोरडा होता. तिने त्यांना माफ केलं होतं का, हे मी तेव्हा ओळखू शकले नाही. आता वाटतं, तिला त्यांच्याशी भांडायला वेळच नव्हता. तिच्या डोक्यात म्हैस कुठे न्यायची हे सुरू झालं होतं.

खरी गंमत बाबांची झाली. इतकी वर्षं म्हैस विका म्हणून मागे लागलेला माणूस. आता त्यांना आयती संधी होती. पण नियम त्यांनीच केला होता. कडबा असेतो म्हैस, आणि कडबा तर घरात होता, तीन दिवस राबून वाचवलेला. जागा गेली तर काय करायचं, याचं कलम त्या नियमात नव्हतं. ते सायकल काढून जागा शोधायला निघाले. कचेरी सुटली की तारनाक्याच्या बाजूला, रेल्वेच्या क्वार्टरांमागे कुणाचं आवार आहे का बघ. सुटीच्या दिवशी विद्यानगरला ओळखीच्या वकिलांच्या बंगल्यामागची जागा विचार. मी क्लासला जाता येता रिकामे प्लॉट हेरायला लागले. एखाद्या प्लॉटवर एवढीशी गवताची काडी दिसली की आशा वाटायची, आणि जवळ गेलं की वाळूचा ढीग, नाही तर सळया, नाही तर पाटी. सगळीकडे बांधकाम. ज्या धावत्या शहराचं मला एवढं कौतुक होतं ते असं दारं लावत चाललंय हे मला सहन होईना. लोक सौजन्याने बोलायचे, चहा द्यायचे, आणि म्हैस म्हटलं की हसायचे. घरी येऊन बाबा आईला सगळं नीट सांगायचे, कुठे गेलो, कोण काय म्हणालं. आई ऐकायची आणि म्हणायची, "उद्या बघा अजून." ती रात्री झोपत नव्हती. सकाळी उठलं की तिच्या कपाळावर दाराच्या कडीचा वळ असायचा, इतका वेळ ती डोकं टेकून उभी असायची.

शेवटी म्हैस मुशी नदीच्या काठच्या एका गवळ्याकडे गेली. त्याच्याकडे आधीच डझनभर म्हशी होत्या आणि नदीकाठचं गवत होतं. विकलीच म्हणायची, पण आईने अट घातली की वाळवलेला सगळा कडबा तिच्यासोबत जाईल आणि तिच्यापुढेच पडेल. गवळी हो म्हणाला. बैलगाडीत कडबा रचला आणि म्हैस मागे बांधली. ती ओळखीच्या गल्लीतून निमूट गेली. मामय्यांनी त्या दिवशी आपलं दार उघडलं नाही.

शिमग्यात ती व्याली. वगार झाली. गवळी स्वतः सांगायला आला, पण तोंड पाडून. म्हैस पान्हा सोडत नव्हती. सड दगडासारखे, लेकराला कसंबसं पाजते, पण माणसाचा हात लागला की लाथ. "बाई, तुम्हीच या," तो म्हणाला. आई त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत चप्पल घालत होती.

मग रोज पहाटे आई मुशीकाठी जायला लागली. मी सोबत जायचे, एवढ्या अंधारात एकटी कशी जाईल म्हणून. आई गोठ्यात शिरली, कासेखाली बसली आणि तिच्या त्या वेगळ्या आवाजात बोलायला लागली की म्हैस पान्हा सोडायची. दूध गवळ्याचं. आम्ही त्याच्याकडून आमचा तांब्या विकत घ्यायचो. मला हे हास्यास्पद वाटायचं. दुसऱ्याची म्हैस पिळायला फुकट जायचं आणि वर दूध विकत आणायचं! पण आई त्या दिवसांत बरी दिसत होती. जेवत होती. परत येताना गवळ्याच्या गोठ्याला नावं ठेवायची, शेण नीट काढत नाहीत, कडबा दुसऱ्या म्हशींना घालतात म्हणायची, आणि त्यातही खूश असायची.

पण गवळ्याची बायको ओली बाळंतीण होती, घरात माणूस कमी, आणि रोज आमची वाट बघून त्यांची बाकीची गिऱ्हाईकं खोळंबायची. तिने एकदा आईला विचारलं, "अम्मा, ये ऐसा कब तक?" दुसऱ्या दिवशी निघताना आईने खुंटीवरून आपलं एक जुनं पातळ घेतलं. न धुतलेलं, काल अंगावर होतं ते. गोठ्यात गेल्यावर ते तिने गवळ्याच्या बायकोला दिलं.

"हे नेसून बस," ती म्हणाली. "माझ्या वासाची सवय हाय तिला."

मी म्हटलं, "आई, कशाला?"

"तिची कास सुजंल असं किती दिवस," आई म्हणाली.

गवळ्याच्या बायकोने आपल्या साडीवरूनच ते पातळ गुंडाळून घेतलं आणि कासेखाली बसली. आईने मला भिंतीआड ओढलं, म्हशीला आम्ही दिसू नये म्हणून. म्हशीने मान वळवली, पदर हुंगला, बराच वेळ हुंगला. आईची बोटं माझ्या मनगटात रुतत होती. माझ्या मनात आलं की लाथ बसावी. बसावीच. आणि मग बादलीत धार वाजली. एक, मग दुसरी, मग सलग.

आई लगेच निघाली. इतकी भरभर चालत होती की मला पळावं लागत होतं. पुलाशी येऊन ती एकदम थांबली आणि कठड्यावर बसली.

"दिलं गं तिनं," ती म्हणाली.

"बरंच झालं की. आता रोज यायला नको."

"बरंच झालं." ती मुशीच्या पाण्याकडे बघत होती. मग तिने पदर तोंडाला लावला, आणि आग लागली तेव्हाही रडली नव्हती ती बाई रस्त्यावरची माणसं बघत असताना हुंदके देऊन रडली. "पातळावर भागलं तिचं. इतकी वर्षं मला वाटायचं, माझ्यासाठी देती."